आठ अंडी आणि हौसाची मांडी

"आठ अंडी कुनी बसवतं व्हय? इषम लागत्यात. सात न्हाईतर नऊ!" हौसा माझ्यावर खेकसली.

"त्या कॉलिनची हायेत ती. एक काढून काय आमलेट करू?"

हे भांडण मेलबर्नच्या क्रेगीबर्नला, लेकाच्या गॅरेजात चाललं होतं. लेक गणेश दूर कालगुर्लीच्या खाणीवर, इकडं लॉकडाऊन, विमानं बंद. आम्ही नवराबायको सून मयूराकडे अडकलेलो.

कुंपणापलीकडे कॉलिन नावाच्या म्हाताऱ्याचं रान. त्यानं चीर पाळले होते. चीर म्हणजे हिमालयाच्या कड्यांवरचा लांब शेपटीचा पक्षी, आपल्या रानकोंबड्याचा भाऊबंद. तिकडं शिकारीनं कमी होत चाललेला, म्हणून हा इकडं त्याचा वंश राखत होता. पण कोल्ह्यानं खुराडं फोडून एकुलती मादी नेली. मागं ही आठ अंडी राहिली. उबवायचं यंत्र बिघडलेलं, आणि दुरुस्तीवाला लॉकडाऊनच्या पाच किलोमीटरच्या हद्दीबाहेर.

मी मयूराला सांगितलं, "त्याला म्हन, खुडूक कोंबडी दे. अंड्यांवर रवण बसवायचं माझ्याकडं लागलं."

कॉलिननं टोपीतून अंडी आणि काखेतून तांबडी कोंबडी कुंपणावरून दिली. "नो वरीज, मेट," म्हणाला, पण कुंपणापासून हलेना.

वीस दिवस झकास गेले. एकविसाव्या दिवशी कोंबडीखाली चिवचिव! चीरला तर सव्वीस दिवस लागतात. बघतो तर पिवळंधमक कोंबडीचं पिल्लू.

"हौसे, ह्ये कुठनं आलं?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "कॉलिननं खायाला दिल्याली अंडी हुती की. त्यातलं एक सरकिवलं. नऊ झाली."

"झाली न्हवं? आता कोंबडीबाईसाब एका पिल्लाला घिऊन निघाल्या चरायला!"

पिल्लू लपवून पाहिलं, तर कोंबडीनं घर डोक्यावर घेतलं. मयूराची ऑनलाइन मीटिंग चालू. साहेब विचारतोय, घरी सगळं ठीक आहे ना? कोंबडी काही परत बसली नाही. अंडी निवायला लागली.

चौसष्ट वर्षांची हौसा खुर्चीत बसली. मांडीवर गरम पाण्याची पिशवी, त्यावर अंडी, वर गोधडी.

"पाचच दिस न्हवं? बसते मी."

"आन् सैपाक?"

"तुमाला हात न्हाईत?"

पाच दिवस मी भाकऱ्या थापल्या. पहिली मयूरानं बिस्कीट समजून चहात बुडवली. हौसा अंडी फिरवायची, कोमट पाणी शिंपडायची. तिला डुलकी लागली की मी मांडी द्यायचो. सव्विसाव्या दिवशी दुपारी ती ओरडली, "आवो, मांडीला टोच्या मारतंय!"

आठातली सहा फुटली. कुंपणाशी पाटी नेली, तेव्हा कॉलिनचा मास्क डोळ्यांतल्या पाण्यानं भिजला. मग मयूरानं त्याला सगळं खरं सांगितलं. तो पोट धरून हसला, आणि पक्षी वाचवणाऱ्या मंडळाचा कागद काढून काहीतरी विचारू लागला.

"आई, उबवणारीचं वय लिहायचंय त्यांना," मयूरा म्हणाली.

हौसानं पदर सारखा केला. "पन्नास सांग."