पंधरा दिवसांसाठी

कडुनिंबाचा पाला वाटून ताईबाईने वाटी सुनेपुढे ठेवली.

"लाव. दोन्ही बाजूले लाव."

दिपमालाने भिंतीकडे तोंड केलं आणि लावलं. एकवीस महिन्यांची भूमिका नेहमीसारखी मांडीवर चढली, तोंड लावलं आणि थुंकली. जीभ बाहेर काढून आईकडे बघत राहिली, पण रडली नाही. मग तिने फ्रॉकचा घोळ मुठीत धरला, आईची छाती घासून घासून पुसली आणि प्यायला लागली.

दिपमालाला हसू आलं. ते ताईबाईने पाहिलं.

"हास, हास. पोर वाळत चालनं नि तू हास."

पोर म्हणजे चंदन. तीन महिने पूर्ण होऊन वजन पावणेचार किलो. गावची आशाताई रूपा दर महिन्याला त्याला झोळीच्या काट्याला टांगायची आणि आकडा वहीत लिहिण्याआधी काटा पुन्हा एकदा बघायची. ताईबाईच्या लेखी गोष्ट सरळ होती, नातवाच्या वाटचं दूध नात पीत होती. दिपमालाला दुसरंच दिसत होतं. चंदन चार घोट ओढायचा आणि सोडून द्यायचा. कपाळ घामाने भिजायचं, नाकपुड्या फुलायच्या. दूध मात्र थांबत नव्हतं. नुसती कुशीवर वळली तरी पोलकं ओलं व्हायचं. तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. कुंदन भाड्याची पिकअप चालवायचा, अमळनेर ते धुळे, धुळे ते शिरपूर.

"उन्हाळा शे. घाम तं येईच," म्हणून तो किल्ली घेऊन निघून गेला.

रूपानेही एकदा धीर केला. "मावशी, दोघांना पाजलं म्हणून दूध आटत नाही. जेवढं पाजावं तेवढं येतं. तुम्ही बाळाला मोठ्या डॉक्टरला दाखवा. तो दमतोय."

"तू वजन कर नि जाय," ताईबाई म्हणाली.

त्या रविवारी कामिनी आली. कुंदनची मोठी बहीण, धुळ्याला देवपुरात राहणारी. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नवरा नीलेश गाडी घेऊन सोबत आला होता. शहरात राहून कामिनीची बोली धुऊन गेली होती.

"पंधरा दिवसांसाठी नेते हिला," ती म्हणाली. "सवय मोडली की आणून सोडते."

"अक्का, मनाबिगर ती ऱ्हास नही," दिपमाला म्हणाली.

"म्हणीसनच तं," ताईबाई म्हणाली.

जागेपणी नेली तर पोरगी गाव गोळा करेल, म्हणून जेवणं झाल्यावर तिला पाजून झोपवायचं ठरलं. ठरवायला चौघं होते, पाजायला दिपमाला एकटी. तिच्या हातून कोणी मूल हिसकावून घेतलं नाही. तिनेच पदराखाली घेतलं, तिनेच थोपटलं. पिताना मंगळसूत्राच्या वाट्या मुठीत धरायची भूमिकाची सवय होती. झोप लागली, तोंड सुटलं, ओठ तेवढे रिकामेच ओढत राहिले. मूठ मात्र सुटेना. कामिनीने खाली वाकून एकेक बोट उघडलं.

दुसऱ्या दिवशी दिपमालाची एक बाजू दगडासारखी झाली आणि अंगात ताप भरला. ताईबाईने गरम फडक्याचा शेक दिला, हलक्या, सरावाच्या हाताने.

"आते बठ्ठं दूध मना नातूले," ती समाधानाने म्हणाली.

नातू चारच घोट प्यायचा. उरलेलं दिपमाला वाटीत पिळायची आणि मोरीत ओतायची.

पंधरा दिवसांचा महिना झाला. फोन केला की कामिनी म्हणायची, "आत्ता नको बोलूस. तुझा आवाज ऐकला की दिवसभर रडते." पुढच्या महिन्यात म्हणाली, "आता रुळलीय, उगाच कशाला?" त्यानंतर फोन नीलेशच उचलायला लागला. न्यायला जाऊ म्हटलं की कुंदनला नेमकं लांबचं भाडं लागायचं.

"अक्का तिले फुलसारखी ठेवस," तो म्हणायचा. "तुले काय तरास शे?"

आषाढात चंदनला श्वास लागला. बरगड्यांखालचा खळगा आत ओढला जाऊ लागला, तेव्हा कुठे त्याला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि तिघांना समोर बसवलं.

"याच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. दूध ओढायला दम पुरत नाही त्याला. मुंबईला ऑपरेशन करावं लागेल." मग दिपमालाकडे बघून म्हणाले, "तुमचं दूध कमी नव्हतं, ताई."

दिपमालाने सासूकडे पाहिलं. ताईबाई नातवाचं टोपडं सारखं करत होती.

"मंग आधी कोनी सांगं का नही?" ती म्हणाली.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दिपमाला नवऱ्याला म्हणाली, "आज भूमिकाले घर लई जाऊ." तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. कुंदन नुसता "चाल" म्हणाला आणि वाटेत त्याने बहिणीला फोन करून मुंबईच्या ऑपरेशनचं सांगितलं.

देवपुरातल्या घराचं दार उघडंच होतं. भूमिकाचे केस कापले होते, कान टोचले होते, अंगाने भरली होती. तिने दारातल्या बाईकडे पाहिलं, तिच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिलं आणि कामिनीच्या ड्रेसमागे लपली.

"मम्मी, कोण?"

"अगं, मामी आली," कामिनी म्हणाली. "मामीला नमस्कार कर."

भूमिकाने हात जोडले.

"अक्का, मी तिले लेवाले उनू," दिपमाला म्हणाली.

"आता तुमच्या मुंबईच्या खेपा होतील. हिच्याकडे कोण बघणार?" कामिनीचा आवाज चढला. "आणि आता नेलीस तर पोर हाय खाईल. एकदा खाल्लीय तिने. आली तेव्हा पाच दिवस अन्नाला शिवली नव्हती, सलाईन लावावं लागलं. मी काढलेत ते दिवस, तू नाही."

हे दिपमालाला कोणी सांगितलं नव्हतं. तिने कुंदनकडे पाहिलं.

"तुमले मालूम व्हतं?"

कुंदन फिरत्या पंख्याकडे बघत राहिला. "आठे तिले काय कमी शे?" तो म्हणाला.

दिपमालाने चंदनला सासूच्या हातात दिलं, पुढे होऊन भूमिकाला उचललं आणि छातीशी धरलं. पोरीचं अंग लाकडासारखं ताठ झालं. मग तिने टाहो फोडला. चार महिन्यांनी तो आवाज कानावर पडला आणि दिपमालाला पान्हा फुटला. दोन्ही बाजूंनी एकदम, पोलकं भिजून पदरापर्यंत.

भूमिका रडता रडता थांबली. तिने ओल्या पोलक्यावर बोट ठेवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"मम्मी," ती कामिनीला म्हणाली, "मामीचं पाणी सांडलं."

नीलेश आत निघून गेला. कामिनीने हात पुढे केले आणि भूमिकाने त्या हातांत उडी घेतली. ताईबाईने सुनेचा पदर ओढून नीट झाकला.

"चाल," ती म्हणाली. "बस निंघी जाई."

रिक्षा फाटकाशीच मिळाली. कुंदन रिक्षावाल्याशेजारी बसला. ताईबाईने चंदनला दिपमालाच्या मांडीवर दिलं. कामिनी भूमिकाला कडेवर घेऊन फाटकात उभी होती, आणि भूमिका शिकवल्यासारखा हात हलवत होती.

"टाटा, मामी. टाटा."

दिपमालाने चंदनचा हात मनगटाशी धरला आणि बाहेर काढून हलवला.

"टाटा कर," ती त्याला म्हणाली. "दीदीले टाटा कर."