शून्य टक्के भरलेली पेटी

रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. नर्सबाई, डॉक्टर, लिफ्टवालेसुद्धा एका पडद्यासमोर माना उंच करून उभे होते. पाच वर्षं सगळ्या रोग्यांचे फोटो एका लोखंडी पेटीतल्या डिस्कवर साठत होते, आणि पडद्यावर लिहिलं होतं : भरलेली जागा शून्य टक्के.

आमचे सर पेटीवर हात ठेवून सांगत होते, "हिला तळ नाही. द्याल तितकं घेईल. मात्र शंका घेतलीत की अडखळेल."

शंका घेतल्यावर अडखळणाऱ्या यंत्राबद्दल मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते. पण पेटीचा प्रोग्रॅम आम्ही दोघांनी लिहिलेला, आणि हे काम मला बोट धरून शिकवलं ते सरांनीच. दोन वर्षांपूर्वी ते शून्य मला खटकलं होतं. मी दुरुस्ती करून दिली, तरी शून्यच दिसत राहिलं; विचारलं तर फोटो दाबून लहान करून ठेवायची नवी युक्ती घातलीय म्हणून शून्य दिसतं, असं त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली.

मग मावशीला खोकला लागला. मला लहानाचं मोठं केलं ते तिनं. नव्या फोटोत छातीत एक डाग दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत हा असेल तर घाबरायचं कारण नाही. नसेल तर छाती उघडावी लागेल. जुना फोटो उघडला, तर मावशीच्या नावाखाली कुणाचा तरी गुडघा! फोटो काढणारी बाई हळूच म्हणाली, या महिन्यातला हा तिसरा.

मी प्रोग्रॅम उघडून बसले. भानगड अगदी साधी होती. भरलेली जागा भागिले एकूण जागा, गुणिले शंभर. पण हा भागाकार पूर्णांकांचा, अपूर्णांक टाकून देणारा. हजारातले सातशे भरले तरी सातशे भागिले हजार म्हणजे शून्य, आणि शून्याला शंभरने गुणलं तरी शून्यच. झाला चमत्कार.

खरा घात पुढेच होता. भरलेली जागा मोजणारा आकडा डिस्कच्या मानानं लहान ठेवलेला. जुन्या स्कूटरच्या मीटरवरचे किलोमीटरचे आकडे संपले की पुन्हा शून्यावर येतात, तसा तोही यायचा. मग नवे फोटो पहिल्या जागेपासून, जुन्यांच्या उरावर लिहिले जायचे. तळ नव्हता तो असा.

माझ्या दुरुस्तीत आकडा मोठा केलेला होता, आणि आधी गुणाकार, मग भागाकार. प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद पाहिली : ती लावली होती. दुसऱ्या दिवशी काढून टाकली होती. काढणाऱ्याचं नाव सरांचं.

मी त्यांना विचारलं. त्यांनी नजरही चुकवली नाही.

"शून्य बघायला लोक येतात," ते म्हणाले. "तुझे सत्तर टक्के बघायला कोण आलं असतं?"

युक्ती वगैरे काही नव्हतीच. मला त्यांनी बनवलं, आणि मी बनले.

जुना फोटो नाही म्हटल्यावर थांबायची जोखीम कुणी घेईना. मावशीची छाती उघडली, फुप्फुसाचा तुकडा काढला. डाग जुनाच निघाला, निरुपद्रवी.

ती शुद्धीवर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "तुला तर भागाकार येतो ना गं? मग करून का नाही पाहिलास?"

हा प्रश्न ऐकायची वेळ तुमच्यावर येऊ देऊ नका. सांगणारा कितीही आपला असो, गणित स्वतः करून पाहा.