पंचाहत्तर पावलं

वसीला मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा फेब्रुवारी चालू होता आणि दगडांमधलं गवत गुडघ्याला लागत होतं. आमच्याकडे येणारे लोक तिकीट काढतात, कमानीखाली उभे राहून फोटो घेतात आणि अर्ध्या तासात बाहेर पडतात. मॅडमनी फोटो घेतला नाही. थडग्यांवरचे दगड जिथं ओळीनं मांडून ठेवलेत, थेट त्या टोकाला गेल्या. एका दगडासमोर बसल्या, निळी वही काढली, आणि कोरलेल्या अक्षरांत बोट फिरवून काहीतरी उतरवायला लागल्या. असे दोन तास.

मी खमीस. ऐन गर्सा या आमच्या गावच्या रोमन अवशेषांवर बावीस वर्षं राखणदार होतो. नऊ वर्षांपूर्वी असाच एक गोड बोलणारा माणूस आला होता. प्राध्यापक म्हणवायचा, माझ्यासोबत चहा प्यायचा, माझ्या गुडघेदुखीची चौकशी करायचा. तो गेल्यावर लक्षात आलं की कोनाड्यातलं पुतळ्याचं संगमरवरी डोकंही गेलंय. माझ्या फायलीला ताकीद लागली. तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो.

पुढच्या बुधवारी मॅडम परत आल्या. बुधवारी दुपारी त्यांना तास नसत, हे मी तोवर शोधून काढलं होतं. मूळच्या स्फाक्सच्या, वर्षापूर्वी आमच्या शाळेत बदलून आलेल्या, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत एकट्याच राहायच्या. समुद्रकाठची बाई डोंगरातल्या आमच्या गावात येते आणि थडगी उतरवते, यात कुठंतरी पाणी मुरत होतं.

"काय उतरवताय, मॅडम?"

"शब्द."

"ते कशाला?"

"मुलांना इंग्रजी शिकवायला."

मला हसू आलं. "मॅडम, हे रोमन लोकांचे दगड. इंग्रजांचं इथं काही नाही."

"म्हणून तर आले." त्यांनी वही मिटून मांडीवर घेतली. "पोरं शब्द पाठ करून दमलीत, खमीसभाऊ. अकरावा शिरला की पहिला पळतो. पण इंग्रजीतले अर्धे शब्द या लोकांच्या भाषेतून उगवलेत. एक मूळ कळलं की त्यावरचे दहा कळतात. आपलं लिहिण्याचं मूळ क-त-ब बघा. किताब म्हणजे पुस्तक, कातिब लिहिणारा, मकतब लिहायची जागा. मकतब म्हणजे काय हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं का? आपोआप कळलं ना? तसंच आहे हे. आणि ही पोरं रोज याच दगडांवर शेळ्या बांधतात, दप्तरं टाकतात. इथलं मूळ विसरणार नाहीत."

उत्तर चांगलं होतं. तिथंच माझं मन साशंक झालं. विचारल्याबरोबर ज्याच्याकडे उत्तर तयार असतं, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. प्राध्यापकाकडेही तयार असायचं.

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी त्या हात धुवायला फाटकाजवळच्या नळावर गेल्या. वही दगडावर उघडीच होती. मी इकडेतिकडे बघितलं आणि वाकलो. पानाच्या मधोमध गोल, त्यात रोमन अक्षरं, आणि गोलातून चहूकडे रेघा फुटलेल्या, एकेका रेघेच्या टोकाला एकेक इंग्रजी शब्द. शब्द मला कळेनात, पण एखाद्या नकाशावर वाटा काढाव्यात तसं ते दिसत होतं. खाली तीन सुटी अक्षरं होती आणि त्यांच्यासमोर आपल्या अरबीत स्वच्छ लिहिलेलं: इथे ठेवलं आहे. शेजारी आकडा, पंचाहत्तर.

मी सरळ झालो. मॅडम परत आल्या, वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी नसताना, मी त्या दगडापासून पंचाहत्तर पावलं मोजली. उत्तरेकडे भिंतच आडवी आली. पश्चिमेला काटेरी निवडुंगाचं कुंपण. दक्षिणेला डांबरी रस्ता. पूर्वेकडे चालत गेलो तेव्हा पंचाहत्तरावं पाऊल पाण्याच्या जुन्या, कोरड्या टाक्याच्या तोंडाशी पडलं. गुप्तधनाच्या गोष्टी आमच्या गावात लहानपणापासून कानावर पडतात आणि मी जन्मभर त्यांना हसत आलो होतो.

हे पोटात ठेवायला हवं होतं. संध्याकाळी चहाच्या दुकानात डॉमिनो खेळताना मी तिजानीला सांगून बसलो. तिजानी माझा मेहुणा, माझी बायको मबरूका हिचा धाकटा भाऊ. पंक्चरचं दुकान चालवतो.

"सोडा हो, दाजी," तो सोंगटी लावत म्हणाला. "मास्तरीण बाई ती. ती काय खणणार?"

"ती नाही खणणार. तिच्यामागं कुणीतरी असेल."

"असेल." त्यानं चहात दोन खडे साखर टाकली, ढवळत बसला. मग म्हणाला, "कुठल्या बाजूला म्हणालात?"

"पूर्वेला. टाक्यापाशी."

"तुमची खेळी आहे," तो म्हणाला.

पुढच्या सोमवारी सकाळी टाक्याच्या तोंडाशी कमरेएवढा खड्डा होता. ओली पिवळी माती दोन्ही बाजूंना टाकलेली, कडेला जळका धूप आणि काळ्या कोंबड्याची पिसं. म्हणजे मांत्रिकसुद्धा आणला होता. खड्ड्यात काही नव्हतं, खाली नुसता कातळ. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसरी ताकीद उभी राहिली. मी टोपी घातली, तडक ठाण्यावर गेलो आणि वसीला मॅडमचं नाव दिलं.

ठाण्याचे प्रमुख लमीन साहेब कमी बोलणारे. त्यांनी मॅडमना शाळेतून बोलावलं. त्या आल्या तेव्हा बाहीला खडू लागलेला होता. वही टेबलावर ठेवायला सांगितली, त्यांनी ठेवली. साहेबांनी ते पान शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"इथे ठेवलं आहे. काय ठेवलंय, मॅडम?"

"रोगातुस."

"कोण हा?"

"मेलेला माणूस. त्याच्या थडग्यावरचा दगड आहे तो. ही तीन अक्षरं म्हणजे 'याला इथे ठेवलं आहे'. आपण नाही का लिहीत, इथे चिरनिद्रा घेत आहे म्हणून? त्यातलं मधलं अक्षर ज्या शब्दाचं, त्याच्यापासून इंग्रजीत जागा, परिस्थिती, वसलेला, असे शब्द निघतात. ते बघा, भोवती लिहिलेत. आणि ही तीन अक्षरं जवळजवळ प्रत्येक दगडावर आहेत. ओळीत चाळीस दगड आहेत, साहेब. चाळीस खजिने असतील का?"

साहेबांचा चेहरा हलला नाही. "आणि पंचाहत्तर?"

"त्याचं वय. इतकी वर्षं जगला. हे वर्षांचं मूळ, त्यावर वार्षिक, वर्षदिन. हे जगण्याचं, त्यावर जीव वाचणं, तगून राहणं. मुलांची परीक्षा जूनमध्ये आहे. तुमची मुलगी माझ्याच वर्गात आहे, तिला विचारा."

"तिला विचारीन," साहेब म्हणाले. "पण खड्डा त्या दगडापासून बरोबर पंचाहत्तर पावलांवर आहे. राखणदारानं सांगितलं."

मॅडमनी वही साहेबांकडे सरकवली. "यात पाऊल हा शब्द कुठं आहे, तो दाखवा. पूर्व कुठं लिहिलंय, टाकं कुठं लिहिलंय, तेही दाखवा. मी त्या टाक्याजवळ कधी गेलेली नाही. तिथल्या दगडांवर अक्षर नाही एकही."

साहेबांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. त्यांना सावकाशीची सवय होती. शेवटचं पान उलटून झालं आणि मान वर न करता त्यांनी विचारलं, "पावलं कुणी मोजली?"

मी टोपी काढून हातात घेतली. "मी."

"कुणाला बोललास?"

तेव्हा मला तिजानीचा चमचा ऐकू आला, चहात फिरणारा. कुठल्या बाजूला म्हणालात. मबरूकाचा भाऊ. माझ्या लग्नात माझ्या घोड्याचा लगाम धरून चालला होता तो. कुणालाच नाही, असं म्हटलं असतं तर साहेबांनी ते लिहून घेतलं असतं आणि मॅडमवरचा डाग तसाच राहिला असता. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. महिनाभर मी त्यांच्याकडे जसं बघत होतो, अगदी तसं.

"माझ्या मेहुण्याला," मी म्हणालो.

तिजानीनं फावडं धुवून ठेवलं होतं, पण बुटांच्या खाचांत टाक्याजवळची पिवळी माती सापडली. त्यानं फार ताणलं नाही. साहेबांसमोर एवढंच म्हणाला, "दाजी, बाजू तुम्हीच तर सांगितलीत." साहेबांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. खणण्यात माझाही वाटा होता, असं त्यांच्या मनात अजून असावं.

तिजानीला सहा महिन्यांची सजा झाली. माझ्या फायलीला दुसरी ताकीद लागली. मबरूका ताट माझ्यापुढे आदळायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा बोलली. "परक्या बाईच्या वहीत वाकून बघायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

वही परत करायचं काम साहेबांनी माझ्यावरच सोपवलं. शिक्षा म्हणूनच सोपवलं असणार. शाळेच्या वाटेवर एका ऑलिव्हच्या झाडाखाली थांबलो आणि, खोटं कशाला बोलू, मी ती पुन्हा उघडली. सुरुवातीच्या एका पानावरच्या गोलात 'बघणे' हे मूळ होतं, रेघांसमोर अरबीत अर्थ. आत बघतो तो इन्स्पेक्टर. डोळ्यांवर लावून बघायचा तो चष्मा. खालच्या रेघेला 'सस्पेक्ट' होतं. तो शब्द आमचे पोलीसही वापरतात, म्हणून मला वाचता आला. त्यासमोर अरबीत लिहिलं होतं, खालून, चोरून बघणे. त्याखाली मुलांसाठी उदाहरण: राखणदार माझ्याकडे असा बघतो. वर तारीख होती, पहिल्या बुधवारची.

मी वही मिटली आणि शाळेकडे निघालो.

शाळेच्या फाटकाशी मॅडमनी वही घेतली आणि माझ्यासमोरच पानं मोजायला लागल्या.

"सगळी आहेत, मॅडम."

"मोजू द्या."

मोजून झाल्यावर मी म्हणालो, "चूक झाली माझी."

"हो," त्या म्हणाल्या. घंटा झाली, त्या आत गेल्या.

एप्रिलमध्ये त्या वर्गातल्या तेरा मुलांना घेऊन आल्या. फाटकात मला शिक्का मारलेला परवानगीचा कागद दाखवला, पुरातत्त्व खात्याकडून मागवलेला. मी म्हणालो, राहू द्या, कागद नको. त्या म्हणाल्या, वाचा. मी वाचला. पुढच्या बुधवारी पुन्हा तोच कागद, पुन्हा वाचा. जूनपर्यंत एकही बुधवार चुकला नाही. मुलं दगडांत पांगायची, अक्षरांवरचं शेवाळ काडीनं खरवडायची, एकमेकांना शब्द ओरडून सांगायची. लमीन साहेबांची मुलगी रोगातुसच्या दगडावर कोपर टेकून लिहायची.

मॅडम मात्र आता दगडाकडे तोंड करून बसत नसत. दगडाला पाठ टेकवून बसायच्या, म्हणजे मी कुठं आहे ते त्यांना दिसत राहील.