आधी विहिरीचं पाणी

मांजरसुंब्याच्या चौकात सिद्धारामचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे आणि दुकानामागेच घर. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी खोलायच्या, त्यांत नवी तार भरायची, यात त्याची तीस वर्षं गेली. कोणी मोठी मोटर मागायला आलं की तो आधी विचारायचा, "विहिरीत पाणी किती हाय?" पाणी थोडं असेल तर दांडगी मोटर घटकाभरात विहीर कोरडी करते, हे त्याने इतक्यांना ऐकवलं होतं की आत चुलीपाशी बसलेल्या उमाबाईला, त्याच्या बायकोला, ते तोंडपाठ झालं होतं.

उमाबाई दर सोमवारी त्याच्याबरोबर कपिलधारला दर्शनाला जायची. गुडघे गेले आणि मोटरसायकलवर पाय टाकून बसणं तिला जमेना. दोघांनी मिळून जायचा नेम, म्हणून एकटी रिक्षाने जायला ती तयार नव्हती. तेव्हा सिद्धारामने अंगणात गंजत पडलेली जुनी स्कूटर विजेवर चालवायचं मनावर घेतलं.

विजेच्या गाड्यांचं सामान विकणाऱ्या बीडच्या दुकानदाराने, उत्तरेश्वरने, त्याला नीट समजावलं. चाकात बसणारी लहान मोटर घ्या आणि लिथियमची मोठी बॅटरी घाला, असं तो परोपरीने सांगत होता. पण जन्मभर मोटरी भरलेल्या माणसाने लहान मोटर घ्यायची म्हणजे इभ्रतीचा सवाल. त्याने उत्तरेश्वरकडची सगळ्यात दांडगी मोटर उचलली. बॅटऱ्या म्हणून इन्व्हर्टरच्या चार जुन्या, शिशाच्या, त्याच्या स्वतःच्या दुकानात पडून होत्याच.

उमाबाईने मोटर पाहिली, बॅटऱ्या पाहिल्या आणि म्हणाली, "तुमी पाणी न्हाई बघितलं."

तो हसला. हिला यातलं काय कळतंय, असं त्याला वाटलं. त्या हसण्याची त्याला आज लाज वाटते.

चौकात स्कूटर सुसाट पळाली. ढाब्यावरची माणसं ताटावरून उठून बघायला आली आणि गडी फुशारला. सपाट रस्त्यावर, एकट्याने मारलेल्या दोन चकरा, तेवढ्यावर त्याने सोमवार ठरवला.

कपिलधारचा उतार मजेत सरला, दर्शन झालं. परतीच्या चढावर मोटरीने बॅटऱ्या पिऊन टाकल्या आणि निम्म्यातच स्कूटर गप्प झाली. ते धूड त्याला एकट्याला ढकलेना. उमाबाईने मागून हात लावला. तो नको नको म्हणाला खरा, पण ठणकावून म्हणाला नाही, कारण तिच्या जोराची त्याला गरज होती. वळणावर तिचा गुडघा मुरगळला आणि ती रस्त्यातच बसली. लोकांनी तिला टेम्पोत घालून घरी आणलं.

तेव्हापासून ती काठी धरून अंगणापर्यंत येते, तेवढंच. तिने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मग त्याने लहान मोटर आणली, लिथियमची बॅटरी बसवली, मागची गादी मऊ करून घेतली. उमाबाईने गादीवरून हात फिरवला. "मला आता बसवत न्हाई," ती म्हणाली. "तुमी जाऊन या. नेम मोडू नका."

हल्ली कोणी मोठी मोटर मागायला आलं, तर पाण्याचं तो हळू आवाजात विचारतो. आत ऐकू जाऊ नये असं त्याला वाटतं.

सोमवारी तो एकटाच जातो. परतल्यावर विभूतीची पुडी घेताना उमाबाई विचारते, "पुरली का बॅटरी?"

पुरली, एवढंच तो सांगतो. दोघांना पुरून उरली असती, हे तो सांगत नाही.