मागून येणारी बाई

मिसेस व्हॉस यांनी स्वयंपाकघरातली कपाटं एकेक करून उघडून दाखवली. शेवटचं दार जरा अडकतं, हेही स्वतःहून सांगितलं. "तेवढं तेल घालून ठेवते. तुम्ही राहायला यायच्या आधी होऊन जाईल," त्या म्हणाल्या.

व्हर्डी लॅम्पकिननं मान हलवली. तिचं लक्ष कपाटाकडे नव्हतं, बाईंच्या चेहऱ्याकडे होतं. नकार यायचा असला की साधारण याच सुमाराला येतो. आधी आवाज थंडावतो, मग घड्याळाकडे नजर जाते, मग आठवतं की सकाळीच कोणीतरी फोनवरून जागा पक्की केली आहे. चार वर्षांत तिनं हे एकतीस ठिकाणी पाहिलं होतं.

मिसेस व्हॉस यांचा आवाज थंडावला नाही. कंबर धरलेली असूनही त्या दोन जिने चढून वर आल्या होत्या. इमारत सांभाळायच्या नोकरीबरोबर मिळालेल्या खालच्या खोलीत नेऊन त्यांनी व्हर्डीला कॉफी दिली, दालचिनी घातलेल्या केकचा तुकडा दिला. रंग, दुरुस्ती उरकून हा फ्लॅट एक नोव्हेंबरला मिळेल, सध्या इमारतीत दुसरं काही रिकामं नाही, यादीत तुमचं नाव लिहून ठेवते, असं त्या म्हणाल्या. निघताना दारापर्यंत आल्या. "तुमच्यासारखी माणसं शेजारी असली की बरं वाटतं हो," असंही म्हणाल्या.

बसमध्ये बसल्यावर व्हर्डीच्या लक्षात आलं की आपले खांदे अजून आखडलेलेच आहेत.

ती अठ्ठावन्न वर्षांची होती. आलाबामातून बहिणीबरोबर क्लीव्हलंडला आली, त्याला तीस वर्षं झाली होती. ड्रायक्लीनिंगच्या एका दुकानात ती कपडे लहानमोठे करून द्यायची. जागा भाड्यानं देताना किंवा विकताना माणसाचा रंग बघायचा नाही, हा कायदा येऊन पंधरा वर्षं झाली होती, पण तो पाळला जातो की नाही हे बघायला कोणीतरी दार वाजवावं लागे. शहरातली एक छोटी संस्था ते काम करायची. आधी व्हर्डीसारखी एक काळी बाई जाई, दोन तासांनी तशाच कमाईची, तशाच वयाची गोरी बाई. दोघी एकमेकींना ओळखत नसत. जे पाहिलं, जे ऐकलं ते त्याच दिवशी लिहून द्यायचं. काय वाटलं ते लिहायचं नाही.

तिची बहीण क्लॉडीन याला हसायची. "नाही म्हणून घ्यायला बसचं तिकीट काढून जाते ही," ती शेजारणींना सांगायची. "मला तर घरबसल्याच नाही म्हणतात."

त्या दिवशी मात्र व्हर्डीनं क्लॉडीनला सांगितलं, की सगळीच माणसं सारखी नसतात. बोलताना तिला थोडा अभिमानही वाटत होता, जणू ती बाई आपणच शोधून काढली होती.

मार्चमध्ये खटला उभा राहिला. लॅव्हर्न टेट नावाच्या एका काळ्या नर्सनं तक्रार केली होती. ऑगस्टमध्ये मिसेस व्हॉस यांच्या इमारतीतून तिला जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं, म्हणूनच संस्थेनं व्हर्डीला तिथे धाडलं होतं. साक्षीच्या आदल्या दिवशी संस्थेचे वकील ल्यूबिन यांनी व्हर्डीला बोलावलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक तिचा होता. दुसरा लॉइस ग्रँडी नावाच्या, शाळेत टायपिंग शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचा.

लॉइसबाईंनाही तोच फ्लॅट दाखवला होता. तो त्यांना येत्या शनिवारपासून मिळत होता. शिवाय तिसऱ्या मजल्यावरचे बाल्कनीवाले दोन फ्लॅटही मोकळे होते, त्यांच्या किल्ल्या मिसेस व्हॉस यांच्या खिशातच होत्या. लॉइसबाईंना केक मात्र मिळाला नव्हता.

व्हर्डीनं दोन्ही कागद दोनदा वाचले. मग विचारलं, "त्या किल्ल्या माझ्या वेळीही खिशात असतील?"

"असणारच," ल्यूबिन म्हणाले. थोडं थांबून त्यांनी सुचवलं, की उद्या विचारतील तेवढंच सांगा, केकबिकचं स्वतःहून काढू नका. ती म्हणाली की काढणार नाही, पण विचारलं तर लपवणारही नाही.

कोर्टात मिसेस व्हॉस समोरच्या बाकावर निळा कोट घालून बसल्या होत्या. व्हर्डी दिसताच त्या सवयीनं हसल्या, आणि मग हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

इमारतीच्या मालकांचा वकील तरुण होता, बोलायला गोड. बाईंनी तुम्हाला कधी अपशब्द वापरला का, त्यानं विचारलं. नाही. ताटकळत ठेवलं का? नाही. कॉफी दिली? दिली. केक? तोही दिला. चांगला होता का? चांगला होता. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. लॅव्हर्न टेटनं मान खाली घातली. तिची दोन मुलं आजीकडे झोपत होती आणि ती मैत्रिणीकडे. तिचं सगळं याच साक्षीवर होतं. ल्यूबिन यांचं पेन कागदावर थांबलं होतं.

"मिसेस लॅम्पकिन, शपथेवर आहात तुम्ही," वकील म्हणाला. "त्या दिवशी बाहेर पडताना, आपण काळ्या म्हणून आपल्याला वेगळी वागणूक मिळाली, असं तुम्हाला जाणवलं का?"

व्हर्डीनं मिसेस व्हॉस यांच्याकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे.

"नाही जाणवलं," ती म्हणाली.

वकील वळून जागेकडे निघाला होता.

"म्हणून तर दोघींना पाठवतात, साहेब. मला जाणवलं असतं तर मी एकटी पुरले असते."

तो उभाच राहिला. न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं.

लॅव्हर्नला मेमध्ये फ्लॅट मिळाला, बाल्कनीचा. मालकांनी मिसेस व्हॉस यांना नोकरीवरून काढलं, आणि नोकरीबरोबर त्यांची खालची खोलीही गेली. व्हर्डीला हे मागून कळलं. निकालाच्या दिवशी बाहेरच्या पायऱ्यांवर मिसेस व्हॉस तिला म्हणाल्या होत्या, "मी तुम्हाला फोन करणार होते. खरंच करणार होते." व्हर्डी म्हणाली होती, "ठाऊक आहे मला. नोव्हेंबरमध्ये."

साक्षीमुळे तिचा फोटो पेपरात आला होता. ओळखीच्या चेहऱ्याला पुन्हा पाठवता येत नाही, असं संस्थेनं अवघडून सांगितलं. तिनं आपली फाइल परत केली.

जूनमधल्या एका रविवारी चर्चहून येताना तिला एका विटांच्या इमारतीवर 'भाड्यानं देणे आहे' अशी पाटी दिसली. बहिणीच्या माडीवरच्या एका खोलीत तिची बावीस वर्षं गेली होती. ती क्षणभर घुटमळली आणि तिनं घंटा वाजवली. या वेळी तिनं नाव, काम सगळं खरं सांगितलं. जागा तिला स्वतःला हवी होती.

दार उघडणारा म्हातारा फार सभ्य होता. त्यानं आधी तिच्या टोपीचं कौतुक केलं. मग म्हणाला, "काय करू बाई, कालच दिली हो जागा. पाटी काढायची राहून गेली."

कदाचित खरंच कालच दिली असेल. तिनं आभार मानले आणि रस्ता ओलांडून ती बसच्या थांब्यावर उभी राहिली. समोर दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना पडदे नव्हते. बस यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात त्या दाराशी दुसरं कोणी आलं नाही, पाटी काढायलाही नाही.