ताईची शतावरी

घर सोडून जाताना ताईने आधी कपड्यांची बॅग भरली. मग खिडकीतली शतावरी कुंडीतून उपटली आणि ब्रेड कापायच्या सुरीने मुळांसकट तिचे दोन भाग केले. एक वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःजवळ ठेवला, दुसरा कुंडीत परत खोचला आणि धाकटीला म्हणाली, "फार लाड करू नकोस हिचे. मुळांच्या गाठींत पाणी साठवून ठेवते ती. आणि दिसते मऊ, पण बारीक काटे असतात, सांभाळून."

बाबा तेव्हा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. ताईने स्वतःच ठरवलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी धाकटीला शपथ घातली, "तिचं नाव या घरात पुन्हा निघता कामा नये."

त्याला अकरा वर्षं झाली. बाबांचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून घराखालचं त्यांचं फ्रेमांचं दुकान धाकटीच बघायची. काच कापायची, पट्ट्या जोडायची, लोकांचे फोटो चौकटीत बसवायची. गळ्यात गळे घातलेल्या बहिणींचा फोटो आला की तिचा हात रेंगाळायचा. ताईचा नंबर एका मैत्रिणीकडून मिळालेला होता, पाठही झाला होता. लावायची मात्र छाती होत नव्हती. शपथ ती शपथ. मग ती वर येऊन शतावरीच्या फांद्यांवरून हलकेच हात फिरवायची आणि तेवढ्यावर मन मारायची.

त्या वर्षी शतावरी पिवळी पडू लागली. सुईसारखी बारीक पानं झडून खिडकीत सडा पडायचा. आधी धाकटीला वाटलं, दुपारचं ऊन पोळत असेल, म्हणून तिने कुंडी खोलीच्या मध्यावर आणली. फरक पडला नाही. मग वाटलं, तहानली असेल. म्हणून बोट खुपसून पाहिलं, तर माती चिखलासारखी ओली. तिने तर पाच दिवसांत थेंबभरही घातलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मोजपट्टी विसरली म्हणून ती अवेळी वर आली. बाबा कुंडीजवळ उभे होते. हातात पाण्याचा पेला होता आणि अर्धं पाणी फरशीवर सांडलं होतं.

"बाबा, तुम्ही घालताय होय पाणी?"

चोरी पकडली गेल्यासारखा बाबांनी पेला पाठीमागे नेला.

"किती दिवस?"

"रोज. पावसाळ्यापासून. तू खाली गेलीस की."

"अहो, कुजली ना ती! एवढं पाणी कशाला?"

"मला काय माहीत?" ते एकदम चिडले आणि लगेच त्यांचा आवाज बसला. "वाटलं, ती कधी आलीच, तर वाळलेली दिसायला नको. म्हणेल, बापाने झाडसुद्धा जगवलं नाही."

 अकरा वर्षांत ताईचा उल्लेख त्या घरात पहिल्यांदाच झाला होता.

दोघांनी मिळून कुंडी उपडी केली. आंबूस वास सुटला. मुळांवरच्या बहुतेक गाठी बोटाखाली फुटत होत्या. धाकटीने कात्रीने सगळं कुजकं कापून टाकलं, पिवळ्या फांद्या बुडातून छाटल्या. चार गाठी तेवढ्या टणक निघाल्या. बाबांनी वाळू मिसळलेली कोरडी माती थरथरत्या हातांनी कुंडीत भरली. बोटाला काटा लागला, पण हूं की चूं केलं नाही. कुंडी मागच्या गॅलरीत सावलीला ठेवली. तिथे सकाळचं कोवळं ऊन तेवढं यायचं.

"आता पंधरा दिवस पेल्याला हात लावायचा नाही," धाकटीने दटावलं.

"नाही लावत." हाताची माती झटकत ते म्हणाले, "नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

तिने तिथेच, मातीच्या हातांनी फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि धाकटीला शब्दच फुटेना.

"कोण? ... धाकटे, तूच ना?"

मग दोघी नुसत्या रडल्या. पुष्कळ वेळाने ताई म्हणाली, "माझी शतावरी दुसऱ्याच वर्षी गेली गं. अंधारी खोली होती, उजेडच मिळाला नाही. तुझी आहे?"

"आहे. म्हणजे, चार गाठी आहेत."

बाबांनी हात पुढे केला. फोन कानाला लावला. म्हणाले, "पाणी जास्त झालं माझ्याकडून. चुकलंच." पलीकडे ताई काय म्हणाली, ते धाकटीला ऐकू आलं नाही. बाबा फक्त मान हलवत होते, जणू ती समोरच बसली होती.

महिन्याभराने मातीतून बोटभर कोंब वर आले. बाबांनी चारांपैकी दोन गाठी कोंबांसकट ओल्या फडक्यात गुंडाळून, खोक्याला भोकं पाडून ताईला पाठवल्या. पोचल्याचा ताईचा फोन आला, तो धाकटीने स्पीकरवर लावला. "कधी येतेस?" असं धाकटीने विचारलं, तेव्हा ताई म्हणाली, "बघू गं. इतकी वर्षं गेली, एकदम कशी येऊ?"

बाबांनी ते ऐकलं.  दुपारी खाली दुकानात आले आणि इतक्या वर्षांनी फळीवरून एक पट्टी उचलून म्हणाले, "तिच्याकडून तिचा हल्लीचा एक फोटो मागव. चौकट मी करतो, तू फक्त काच काप."