दगडाआडचा नांग्या

"सोड त्याला, वृषाली. गेला त्यो कामातनं. चौथ्या वळीवर जा आन् बटन दाब," प्रवीण म्हणाला.

वृषालीचा अंगठा बटणावर टेकलाच होता.

"खबरदार बटन दाबलं तर! हात काढ!"

दारात कडूबाई उभी होती. डोक्यावर खेकड्यांची पाटी, पाटीवर ओलं पोतं, पोत्यातून पाणी निथळून कपाळावर आलेलं. आत टीव्हीसमोर बसलेली दोघं दचकली. प्रवीण तर स्टुलावरून उठूनच उभा राहिला, कारण दुकान त्याचं असलं तरी कडूबाईच्या तोंडाचा धाक अख्ख्या बाजारतळाला होता.

कडूबाईचं नाव कडूबाई का, तर तिच्या आधीची तीन पोरं दगावली होती. गोड नाव ठेवलं की यमाच्या तोंडाला पाणी सुटतं, म्हणून आईने हिचं नाव कडू ठेवलं. यमाने चव घेऊन थुंकून टाकली असावी, कारण बाई पन्नाशीला आली तरी खणखणीत होती. नवरा, श्रीमंत त्याचं नाव, वारल्यापासून पाटाच्या कडेच्या बिळांतले खेकडे काढायचे आणि एस.टी. स्टँडमागे बसून विकायचे, हा तिचा उद्योग. तिची जागा प्रवीणच्या पत्र्याच्या दुकानाला लागूनच होती.

प्रवीणचं दुकान म्हणजे दोन टीव्ही आणि त्यांना जोडलेले दोन व्हिडिओ गेम. त्यातल्या एका कॅसेटने त्या नव्याण्णव साली श्रीगोंद्यातल्या पोरांना वेड लावलं होतं. डोंगर-तळी हिंडून नाना तऱ्हेची जनावरं धरायची, पाळायची, एकमेकांशी लढवायची, असा तो खेळ. त्यावरची अक्षरं चिनी की जपानी, हे प्रवीणच्या बापालाही सांगता आलं नसतं. कुणाला वाचता येत नव्हतं म्हणून कुणाचं अडलंही नव्हतं. कितव्या ओळीवर बटण दाबलं की काय होतं, एवढं पोरांनी पाठ केलं होतं आणि जनावरांची बारशी आपल्या आपण उरकली होती. आग ओकणारा तो तिखट्या, उडणारा तो ढगोबा, आणि गटाराच्या पाण्यात सापडणारा, एक नांगी मोठी आणि एक नांगी लहान असलेला लालभडक गडी, तो नांग्या.

जवळ सहाच जनावरं ठेवता येत. सातवं आलं की चौथ्या ओळीवर बटण दाबून एक सोडून द्यायचं, आणि एकदा सोडलं की ते गेलंच. नांग्याचं दैव असं, की सुरुवातीला तो तिखट्यालाही लोळवायचा, धरलं की सोडायचा नाही. मग एके दिवशी अचानक फिका पडायचा. लढायला काढला की मागे सरकायचा. खाली चार ओळी उमटायच्या, त्या कुणाला कळायच्या नाहीत. "बिघडला," असं म्हणून श्रीगोंद्यातल्या पोरांनी आपापला नांग्या कधीच सोडून दिला होता. नांग्या म्हणजे नाल्यातलं जनावर, त्याच्याकडून आणखी काय होणार, असं पोरं म्हणायची.

वृषालीने मात्र त्याला पहिल्या दिवसापासून जवळ ठेवलं होतं.

ही कडूबाईची एकुलती लेक. दोन वर्षांपूर्वी मिरजगावला दिली होती. महिन्यापूर्वी ती उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन एकटीच एस.टी.तून उतरली. दार लावताना हात चेमटला, असं सासरच्यांनी सांगितलं होतं. नगरच्या हाडाच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला आणि तो कडूबाईला म्हणाला, "आजी, दार त्याच दोन बोटांवर तीनदा लागत नाही." प्लास्टर निघालं, पण ती दोन बोटं वळेनात. डॉक्टरने रबरी चेंडू दिला, दाबत राहा म्हणाला. पोरीने चेंडू कोनाड्यात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. जेव म्हटलं की दोन घास खायची, बोल म्हटलं की व्हय नाहीतर न्हाई.

मग एके दिवशी आईसोबत बाजारात आली असताना ती उठून प्रवीणच्या दुकानात शिरली आणि बटणं दाबू लागली. कडूबाईने पाहिलं, तर ती दोन बोटं हलत होती. लोक हसले. बावीस वर्षांची लग्नाची बाई पोरासोरांत बसून गेम खेळते म्हणाले. कडूबाईने लोकांच्या हसण्याचं काय करायचं ते केलं, म्हणजे काहीच केलं नाही.

तर आता कडूबाई पाटी खाली ठेवून टीव्हीला नाक लावून उभी राहिली.

"ही पाठीवर रेघ कसली?"

"चित्रच तसं हाय, मावशी."

"काल हुती का?"

प्रवीणने डोकं खाजवलं. "काल न्हवती," वृषाली हळूच म्हणाली.

"मग! आरं येड्यांनो, ह्यो आजारी न्हाई. कात टाकतोय! अंगावरचं जुनं कवाट पाठीवर फाटलंय त्येचं. आता आतनं मऊ निघंल, लोण्यावानी. अशा वक्ताला खेकडा खात न्हाई, भांडत न्हाई, दगडाआड गप पडून ऱ्हातो. नवं कवाट टणक झालं की पहिल्यापरीस मोठा हून भाईर येतो. आन् तुमी समद्यांनी ह्याच येळेला फेकून दिलं व्हय त्याला? लई हुशार!"

"मावशी, ह्यो काय खरा खेकडा हाय का? गेम हाय त्यो."

"ज्यानं काढला त्यानं खरा बघितल्याबिगर काढला आसंल व्हय? पाठ बराबर तितंच फाटलीय जितं फाटती. हितं दगुड हाय का कुटं?"

होता. खेळातल्या तळ्याच्या काठाला चार दगड होते. जनावर तिथे ठेवता यायचं, पण ठेवून मिळायचं काहीच नाही, उलट ते बाहेर येईपर्यंत कॅसेट पुढचं काही साठवून ठेवायची नाही. म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे. वृषालीने एकदा आईकडे पाहिलं आणि नांग्याला सगळ्यात मोठ्या दगडाआड नेऊन ठेवला.

"आता?" प्रवीणने विचारलं.

"आता गप बसायचं. तेवढं तुमाला जमत न्हाई."

कडूबाई पाटी उचलून दारात येऊन बसली. श्रीमंतने तिला धंद्यातली पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच. बिळात हात घातल्यावर मऊ लागला, की हात मागे. त्याला काढायचा नाही, दाबून बघायचा नाही, बिळाच्या तोंडावरचा दगड होता तसा ठेवायचा आणि पुढे जायचं. पाटी रिकामी राहिली तरी चालेल. इतक्या वर्षांत कडूबाईने हा नेम कधी मोडला नव्हता.

दोन तास गेले. आत वृषाली बाकीची जनावरं घेऊन डोंगरात हिंडत होती आणि मधून मधून तळ्यावर येऊन बघत होती. दगड जागेवर होता. नांगीचं टोक तेवढं दिसत होतं. बाजार भरत आला होता, अर्धी पाटी खपली होती, एवढ्यात समोर टेम्पो थांबला आणि त्यातून रंभाजी उतरला.

रंभाजी म्हणजे वृषालीच्या नवऱ्याचा, महेंद्रचा चुलता. मिरजगावात कुणाचं काही बिनसलं की मिटवायला हाच पुढे. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, आवाज सभेतला.

"जय भीम, विहीनबाई. घरला गेल्तो, तर कुलूप. शेजारनीनं सांगितलं, लेक गेम खेळाया बसलीय. कान धन्य झालं माझं!"

"जय भीम. बसा, पाव्हनं."

"बसाया न्हाई आलो. टेम्पो उभा हाय. पोरीला बोलवा भाईर."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? नांदाया! महेंद्र आता लई सुधारलाय."

"मागल्या वक्ताला बी सुधारला हुता. त्याच्या आदी बी. एक मानूस किती येळा सुधारतोय, पाव्हनं?"

भाजीवाल्या बायका हसल्या. रंभाजीचा चेहरा उतरला. मग चढला.

"विहीनबाई, नीट बोला. चार लोक काय म्हंत्याल?"

"लोक माझ्याकडून खेकडं घेत्यात. म्या लोकांकडून अक्कल घेत न्हाई."

"आवो, पोरीची जात! अशीच ठिवली तर नासंल. हात बरा झालाय न्हवं तिचा?"

कडूबाई उठली. इतका वेळ ती खालच्या पट्टीत बोलत होती, ती आता बोलली तेव्हा समोरच्या हॉटेलातली माणसं कप हातात घेऊन बाहेर आली.

"बरा झालाय म्हून न्याया आलाव? पुन्यांदा मोडाया? आदी दोनदा माहेरी आली, तवा म्याच घातली तिला तुमच्या टेम्पोत. नवी साडी नेसवून. रडत हुती, तर गप म्हनलं, नांदायचं आसतंय म्हनलं. पाटावर मऊ खेकडा हाताला लागला तर म्या दगुड लावून मागं फिरती, आन् पोटची पोर ह्या हातानं काढून दिली तुमाला. दोनदा! माझी अक्कल तवा कुटं श्यान खाया गेल्ती, ते माझं मला म्हाईत. आता तिसऱ्यांदा न्हाई. महेंद्रला सांगा, कडूबाई न्हाई म्हनली. आन् त्याला म्हनावं, दार नीट लावत जा."

मिटवामिटवीत रंभाजीला कुणी असं भर बाजारात उभं केलं नव्हतं. तो तिला वळसा घालून तरातरा दुकानात शिरला.

"ऊठ गं! चल! कसला ह्यो खेळ लावलाय!" आणि भिंतीवरच्या बोर्डातली पिन त्याने उपटून टाकली.

टीव्ही काळा झाला.

वृषाली त्या काळ्या काचेकडे बघत राहिली. पोर आता पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, पुन्हा महिनाभर व्हय आणि न्हाई, असं कडूबाईला वाटलं. ती पुढे झाली, पण तिच्या आधी वृषालीच उठली.

"दोन तास झालं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"दोन तास झालं हुतं त्याला दगडाआड. तुमी वायर उपटली, मामा. आता पयल्यापासनं बसवावा लागंल. समदं परत. तुमच्यापायी." आवाज लहान होता, पण तुटत नव्हता. "ती पिन लावा."

"आगं, काय बोलतीस तू?"

"पिन लावा. आन् जावा. म्या येत न्हाई."

महिनाभरात पोरगी एवढं बोलली नव्हती. रंभाजीने प्रवीणकडे पाहिलं, प्रवीणने छताच्या पत्र्याकडे. दारात आता बाजारातली पंधरावीस माणसं उभी होती, आणि वृषालीला हसणाऱ्यांपैकी एकही जण हसत नव्हता. रंभाजीने हातातली पिन कुठे ठेवावी हे न कळून ती स्टुलावर ठेवली. बाहेर जाताना तो पुटपुटला, की मुलीला डोक्यावर बसवून ठेवलंय. टेम्पो चालू झाला, वळला, मिरजगावच्या दिशेने गेला. कडूबाईने तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला नाही. तिला तेवढा वेळ नव्हता.

प्रवीणने पिन लावली. टीव्ही खरखरला, अक्षरं आली, मग तळं आलं. नांग्या होता. साठवलेलं होतं तिथपर्यंत सगळं होतं. तोच फिका रंग, तीच पाठीवरची चीर. दोन तास मात्र पार वाया गेले होते.

"जाऊ दे, वृषाली," प्रवीण म्हणाला. "उद्या बसव. बाजार उठल्यावर मला दुकान बंद कराया लागतंय."

वृषालीने उजव्या हातात बटणं घेतली. प्लास्टर निघाल्यावर वळत नव्हती ती दोन बोटं अडली, आणि वळली. नांग्या सरकत सरकत तळ्याकाठच्या सगळ्यात मोठ्या दगडाआड गेला.

कडूबाई बाहेर गेली आणि पाटी घेऊन आत आली. स्टूल तिने बाजूला सारलं आणि त्या बोर्डाखाली जमिनीवर बसली. पिन बरोबर तिच्या खांद्यामागे आली. आता ती काढायची, तर आधी कडूबाईला हलवावं लागलं असतं.

"मावशी, गिऱ्हाइकं भाईर हायत," प्रवीण म्हणाला.

"ज्याला खेकडं पायजेत त्यो आत यील."

"आन् दुकान?"

"तुझं तू बघ. म्या हितनं हालत न्हाई."

प्रवीणने कुलूप हातात घेतलं, पुन्हा खुंटीला अडकवलं आणि दुसरा टीव्ही पुसत बसला. बाहेर बाजार उठू लागला. कडूबाईने भिंतीला पाठ टेकली, मांडीवरच्या पाटीवरचं ओलं पोतं नीट केलं, आणि पोरीची बोटं बघत बसून राहिली.